बुळकांडी, चीक आणि सेरेंगेटीचे वाइल्डबीस्ट : डॉक्टरसाहेबांना आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सा. न. वि. वि.

टांझानियाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी केलेल्या, वाइल्डबीस्ट या आफ्रिकेतल्या कळपाने फिरणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय जनावरावरच्या पुस्तिकेचा कच्चा खर्डा तुम्ही लाल पेनने रंगवून परत पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्याच पानावर ‘रिंडरपेस्ट’ खोडून तुम्ही ‘बुळकांडी’ लिहिलंत. ज्याच्या घरी गुरं होती त्याला या एका शब्दात सगळं कळतं: ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि रिकामी दावण.

दुसरी दुरुस्ती मोठी होती. ‘लसीकरणामुळे वाइल्डबीस्ट वाचले’ हे वाक्य खोटं नव्हतं, पण वाचून कुणालाही वाटलं असतं की रानातल्या कळपांना सुया टोचल्या. टोचल्या त्या भोवतालच्या गुरांना. कारण तुम्ही समासात लिहिलंत: हा विषाणू जनावराबाहेर फार टिकत नाही आणि आजारातून उठलेल्या जनावराला तो पुन्हा धरत नाही. म्हणजे साथ चालू राहायची तर रोज नवी, कोवळी जनावरं हवीत. वाइल्डबीस्टच्या पिल्लाला चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते, पण ती काही महिनेच पुरते. ती ओसरली की पिल्लू सापडलंच. म्हणून मरत होती ती मुख्यतः वर्षाच्या आतबाहेरची पिल्लं. गुरांकडून येणारी रसद तुटल्यावर रानातली साथ आपोआप विझली. 1963 नंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टच्या रक्तात बुळकांडीची प्रतिद्रव्यं सापडेनाशी झाली. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळांवरची, 1961 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या 1977 पर्यंत 13 लाखांच्या घरात गेली. एवढी तोंडं गवताला लागल्यावर वणव्याला जाळायला गवत उरेना आणि झाडोरा वाढला. (हे पुस्तिकेत एकाच ओळीत बसवलंय, खरं तर त्याला पानभर जागा हवी होती.)

तिसरी चूक मात्र निव्वळ आमची. ‘वाइल्डबीस्टची वार (विल्यावर पडते ती) पडलेल्या गवतात चरून मसाईंची गुरं मरतात’ असं आम्ही छापणार होतो. मसाई म्हणजे तिथले पशुपालक; त्यांचाही हा जुना समज आहे, पण दोष वारेचा नाही. गुरं मरतात ती मॅलिग्नंट कटारल फीवर या वेगळ्याच रोगाने, आणि त्याचा विषाणू वाइल्डबीस्टच्या पिल्लांच्या नाकाडोळ्यांतल्या स्रावातून बाहेर पडतो, तोही वयाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतच. वाइल्डबीस्टला त्याचा काही त्रास नाही. गाईला मात्र तीव्र ताप येतो, नाक वाहतं, बुबुळावर कडेकडून पांढरा पडदा चढत जातो आणि ती सहसा वाचत नाही. आजारी गाय वेगळी बांधून उपयोग नाही, कारण गाईकडून गाईला हा रोग लागतच नाही. उपाय एकच, पिल्लांपासून लांब राहणं.

आणि तेच अवघड आहे. बहुतेक वाइल्डबीस्ट फेब्रुवारीच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांत वितात, तेही सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या एनडुटूच्या बाजूच्या आखूड गवताच्या माळांवर. ज्वालामुखीच्या राखेची माती, खनिजांनी भरलेलं गवत. दुभत्या जनावराला याहून चांगला चारा नाही. मसाईंना तो नेमका त्याच दिवसांत सोडून गुरं दुसरीकडे, गोचिडांच्या भागात हलवावी लागतात. वन्यजीव विरुद्ध गुराखी अशा भांडणात नुकसान कुणाचं होतं हे लिहिताना आम्ही ही बाजू गाळली होती. तुम्ही दोनदा अधोरेखित केलीत, बरं झालं.

नवजात पिल्लू फिकट बदामी असतं, पाच-दहा मिनिटांत उभं राहतं आणि दोन-तीन महिन्यांत गडद होऊ लागतं. पिल्लांचा रंग पालटला की माळ गुरांना मोकळा, हा गुराख्यांचा हिशेब विषाणूच्या वेळापत्रकाशी बराच जुळतो. आमच्या चित्रात फेब्रुवारीतलं पिल्लू आईसारखंच काळपट होतं. ते आता बदामी केलंय, आणि आईच्या पोटाखालची वार तशीच ठेवून शेजारी लिहिलंय: ‘हिचा दोष नाही.’

आपले,
पुस्तिकेचं काम करणारे आम्ही सगळे