देव निवडताना आधी पथ्य वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेमिंगबद्दल पेपरात जे छापून येतं ते बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डबद्दल नाहीतर पोरं किती तास स्क्रीनसमोर बसतात याबद्दल असतं, म्हणून जरा वेगळं काहीतरी लिहितोय. ऑनलाइन रोलप्लेइंग गेममध्ये कॅरेक्टर बनवताना वंश, क्लास म्हणजे लढवय्या की जादूगार असा पेशा, नाक-डोळे, केसांचा रंग असं सगळं झालं की बऱ्याच गेममध्ये एक रकाना येतो, तुमचा देव कोणता. केसांवर अर्धा तास घालवणारी माणसं हा रकाना दोन सेकंदात उरकतात, आणि ज्यांना विचारावंसं वाटतं तेही एकच विचारतात की कोणता देव घेतला तर जास्त फायदा. मी वर्षानुवर्षं क्लेरिक खेळतो, म्हणजे पार्टीत, खेळाडूंच्या टोळीत, मागे उभं राहून बाकीच्यांना बरं करायचं आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या हे काम ज्याच्याकडे असतं तो, त्यामुळे नवे लोक हा प्रश्न मला सारखा विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, तो काय देतो ते नंतर बघ, काय करू देत नाही ते आधी वाच.

हे उगाच तत्त्वज्ञान झाडत नाहीये. १९९९ ला एव्हरक्वेस्ट आला तेव्हा त्यात सुरुवातीलाच देव निवडायला लागायचा आणि ती निवड नुसती नावापुरती नव्हती. इनोरूक हा द्वेषाचा देव, त्याचा भक्त झालात की भल्या लोकांच्या शहरात तुमचं स्वागत तलवारीनेच व्हायचं, पहारेकरी आधी मारणार मग बघणार कोण होता तो, आणि काही वस्तू अशा होत्या की ठराविक देवाच्या भक्तालाच अंगावर घालता यायच्या. देव नको असेल तर अग्नॉस्टिक म्हणून खेळायची सोय होती, पण क्लेरिकला नाही, ते बरोबरच आहे म्हणा, ज्याची सगळी ताकद वरून येते तो वर कोणी आहे की नाही माहीत नाही असं कसं म्हणणार. मुद्दा हा की तिथे देव निवडणं म्हणजे जगात कोण तुमचा आणि कोण तुमच्या जिवावर उठलेला हे निवडणं होतं. बोनसचा तक्ता बघून ज्यांनी निवडला त्यांना हे गावाच्या वेशीवर कळायचं.

पुढे पुढे मात्र काय झालं तर देवाचं झालं शस्त्र. २००६ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनमध्ये प्रत्येक श्रद्धेचं एक आवडतं हत्यार आहे, सॉव्हरिन होस्टवाल्यांची लांब तलवार, सिल्व्हर फ्लेमवाल्यांचा लांब धनुष्य. मग लोक काय करतात, आधी ठरवतात की मला धनुष्य चालवायचंय आणि मग ज्वालेवर श्रद्धा बसते. त्यात गैर काही नाही, गेम आहे, ज्याला जसं खेळायचं तसं खेळावं, पण मग देव निवडला असं म्हणू नका, धनुष्य निवडलं म्हणा.

आता पथ्याची गोष्ट. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती २०१९ ला आली, मूळचा टेबलाभोवती बसून बोलून खेळायचा गेम पण कितीतरी ग्रुप तो व्हर्च्युअल टेबलवर, म्हणजे स्क्रीनवरच्या टेबलावर, ऑनलाइनच खेळतात, आणि देव या प्रकाराचं सगळ्यात शहाणं काम मला त्यात दिसतं. प्रत्येक देवापुढे दोन ओळी असतात, एक काय करत राहायचं आणि दुसरी काय चुकूनही करायचं नाही. फरास्मा ही जन्म-मृत्यूची देवी, तिचं पथ्य असं की मेलेल्याला उठवून चालवायचं नाही, प्रेताची विटंबना करायची नाही आणि थडगं लुटायचं नाही. हे तिसरं नीट वाचा. साहसी टोळी म्हणून आपण जे हिंडतो ते निम्म्या वेळा करतो काय, तर कुठल्यातरी जुन्या राजाच्या थडग्यात घुसून त्याचं सोनं उचलतो. आता टोळीत फरास्माची क्लेरिक असेल तर त्या दाराशी आल्यावर सगळे थांबणार, चोर म्हणणार मी एकटा जाऊन येतो तू डोळे मीट, ती म्हणणार डोळे मिटून देवीला दिसायचं थांबत नाही, कोणीतरी म्हणणार आत जे प्रेत उठून फिरतंय त्याला परत झोपवायला जाऊया म्हणजे ते तर पुण्याचंच काम आणि मुकुटाचं काय करायचं ते नंतर बघू. लढाई सुरू व्हायच्या आधीच अशी वादावादी रंगते आणि हे सगळं एका ओळीने दिलं, कुठल्या प्लस टू वगैरे बोनसने नाही.

आणि पथ्य नेहमी गंभीरच असतं असंही नाही. त्याच गेममध्ये केडन केलीन म्हणून मद्याचा आणि स्वातंत्र्याचा देव आहे, त्याच्या भक्ताने दारू वाया घालवायची नाही, चढल्यावर लोकांशी वाईट वागायचं नाही आणि गुलाम बाळगायचा नाही. वाचताना हसू येतं पण तिन्ही एकत्र ठेवून बघा, माणूस कसा असेल ते लगेच डोळ्यांसमोर उभं राहतं. टोराग हा कारागिरांचा, खोटं बोलायचं नाही, मुद्दाम हलक्या प्रतीचं काम करायचं नाही, इथवर ठीक, आणि मग आपल्या लोकांच्या शत्रूला दया दाखवायची नाही, म्हणजे सज्जन माणूस आणि त्याच सज्जनपणात एक काटा. असा देव असला की कॅरेक्टरचा पूर्वेतिहास म्हणून चार पानं लिहायची गरजच पडत नाही. पथ्य वारंवार मोडलं तर क्लेरिकची जादू जाते आणि प्रायश्चित्ताचा विधी केल्याशिवाय परत येत नाही, त्यामुळे ते नुसतं शोभेचं वाक्य राहत नाही.

याच्या उलट टोकाला २०१३ चा नेव्हरविंटर. तिथेही देव निवडायचा, मधूनमधून प्रार्थना करायची, प्रार्थनेचं बक्षीसही मिळतं, पण देव कोणताही घ्या बक्षीस तेच. म्हणजे हजेरी लावल्यासारखं. आणि २०२३ चा बाल्डर्स गेट ३, जो चार जण मिळून ऑनलाइन खेळता येतो आणि जो मला मनापासून आवडतो, त्यातही हाच घोळ आहे. क्लेरिकने देव निवडायचा, पण डोमेन म्हणजे कुठल्या प्रकारची शक्ती ते वेगळं निवडायचं आणि दोघांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही, त्यामुळे युद्धाच्या टेम्पसचा भक्त आणि डोमेन मात्र जीवनाचं असं बिनधास्त चालतं. केलेम्वोर हा मेलेल्यांचा न्याय करणारा, चालती-फिरती प्रेतं त्याला अजिबात खपत नाहीत, आणि त्याचाच पुजारी गेममध्ये आरामात प्रेत उठवून सोबत घेऊन फिरतो, वरून हूं की चूं नाही. गंमत म्हणजे त्याच गेममध्ये पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेऊन लढणाऱ्या योद्ध्याने, शपथ मोडली तर लगेच शक्ती जाते, एक काळा सरदार येऊन उभा राहतो, आणि सोनं मोजून शपथ परत घेता येते. शपथेला किंमत आहे आणि देवाला नाही! संवादांत कुठे कुठे देवाचा उल्लेख येतो, ते छान लिहिलंय हे कबूल, पण अडवत काहीच नाही.

ज्याला खरंच बघायचंय की देव गेमच्या हाडामासात कसा घालतात त्याने डन्जन क्रॉल स्टोन सूप बघावा. फुकट आहे, ब्राउझरमधून सर्व्हरवर खेळता येतो, बाकीचे लोक तुमचा खेळ बघत बसतात आणि तुम्ही मेलात की कॉमेंट करतात, आणि दिसायला इतका साधा की आजच्या पोरांना वाटेल हे काय आहे. पण देव बघा त्यातले. ट्रॉग हा रागीट, त्याला मंत्रतंत्राचा तिटकारा, त्याच्या भक्ताने एक जरी मंत्र म्हटला तर मर्जी उतरते, बदल्यात तो तुम्हाला वेड्यासारखं लढायची ताकद देतो, शस्त्रं देतो. चेब्रियाडोस हा संथपणाचा देव, तो जितका प्रसन्न तितकी तुमची चाल मंद, आणि तुमचा वेग वाढवणारी जादू त्याला अजिबात चालत नाही, मागे राक्षस लागलेत आणि तुम्ही रमतगमत चाललाय, तरी जे खेळतात ते शपथेवर सांगतात की याच्यासारखा देव नाही. शायनिंग वन म्हणून एक आहे त्याला पाठीत वार चालत नाही, शत्रू झोपलाय म्हणून सुरा खुपसला की नाराज. रू नावाचा देव तर मागतोच त्याग, आणि तो त्याग कायमचा, अगदी एक हात सुद्धा, मग पुढचा सगळा खेळ एका हाताने. आणि झोम! झोमला कसलंच पथ्य नाही, तो फक्त कंटाळतो, तुम्ही त्याचं खेळणं, करमणूक झाली तर काहीतरी देईल, नाही झाली तर अंगावर काय सोडेल सांगता येत नाही, अनुभवी लोक त्याच्यापासून चार हात लांब राहतात आणि तरी कधीतरी हळूच त्याच्याच वेदीपाशी सापडतात.

देव सोडला तर बहुतेक जण कोपतात, नुसतं मेनूमध्ये जाऊन बदल केला असं नसतं, सोडलेला देव पुढे कितीतरी वेळ मागे लागतो. म्हणून तिथे वेदीसमोर उभं राहिलं की माणूस खरंच विचार करतो, मी मंत्र सोडू शकतो का, पळायचं सोडू शकतो का. एक वंश तर असा ठेवलाय, डेमिगॉड, त्याला कुठल्याच देवाची भक्ती करता येत नाही, अंगात ताकद भरपूर पण वरून मदत शून्य, आणि तीसुद्धा एक निवडच.

एक गोष्ट मात्र आमच्याच लोकांबद्दल बोलायला हवी. पथ्याच्या नावाखाली काही जण पार्टीचा छळ करतात. माझा देव म्हणतो म्हणून मी तुमच्या कैद्याला मारलं, माझा देव चोरीचा म्हणून तुमचीच पिशवी मारली, आणि कोणी बोललं की उत्तर तयार, माझं कॅरेक्टर असंच वागणार. अरे पण ते कॅरेक्टर बनवलं कोणी? पथ्य स्वतःच्या गळ्यात घालायचं असतं, दुसऱ्याच्या नाही. चांगले ग्रुप पहिल्याच दिवशी सगळ्यांचे देव समोर मांडतात आणि बघतात की कोणाचं कोणाशी पटणार नाही, थोडं न पटलेलं उत्तम, त्यावरच संवाद होतात, पण एकाचा देव प्रेतं उठवणारा आणि दुसऱ्याचा ती जाळणारा असेल तर तिसऱ्या रात्री ग्रुप मोडतो. हे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधीच बोलून घ्यावं, आणि डीएम नसेल, म्हणजे मोठ्या सर्व्हरवरचा गिल्ड, खेळाडूंचा संघ, असेल, तर गिल्डमास्तरने.

घरच्यांनी स्क्रीनवर पोराचं कॅरेक्टर कुठल्यातरी मृत्युदेवतेसमोर गुडघे टेकून बसलेलं बघितलं की धसका घेतात तेवढा घेऊ नये. फरास्माचं वर सांगितलंच, मृत्यूची देवी असून तिच्याइतकी शिस्तीची कोणी नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा की तुझी देवी तुला काय करू देत नाही, पोरगं जे सांगेल त्यावरून ते खरंच खेळतंय की नुसतं बटणं दाबतंय ते कळेल. खऱ्या धर्मातले देव गेममध्ये आणायचे का हा वेगळा विषय आहे आणि जुनाही आहे, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८० च्या एका पुस्तकात इंद्र-अग्नीसकट आपल्या देवांचे हिट पॉइंट छापले होते, म्हणजे किती मारलं की देव मरेल त्याचा हिशोब! ज्या सर्व्हरवर जगभरचे लोक असतात तिथे मनाने रचलेला देव बरा असं माझं मत, कोणाचं मन दुखत नाही आणि त्याच्याशी भांडताही येतं.

रचलेले देव मरतातही, हे नव्या लोकांना माहीत नसतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं फर्गॉटन रिल्म्स म्हणून एक रचलेलं जग आहे, त्यातली जादूची देवी मिस्ट्रा मेली, तिच्याबरोबर जगातली जादू कोसळली, आणि गेमच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत ती परतही आली. पाथफाइंडरवाल्यांनी २०२४ मध्ये त्यांचा युद्धदेव गोरम मारला. त्या त्या देवाच्या क्लेरिकचं पुढे काय, हा प्रश्न कंपनीच्या एका निर्णयाने कितीतरी टेबलांवर एकदम येऊन पडला, आणि मला विचाराल तर त्याहून भारी कथानक कोणाला सुचलं नसतं, कारण देणारा गेल्यावर पथ्य पाळायचं की सोडायचं हे तेव्हाच ठरतं. ज्यांनी नुसता बोनस घेतला होता त्यांनी दुसरा देव घेतला आणि पुढे गेले.

तर विनंती एवढीच की तुमच्या पुरवणीत नव्या गेमची ओळख छापता तेव्हा फ्रेम रेट आणि नकाशा किती मोठा ते लिहाच, पण ज्यात देव निवडायचा रकाना आहे त्याबद्दल तीन गोष्टी जरूर लिहा, तो देव काही मनाई करतो का, मनाई मोडली तर गेमला कळतं का, आणि मधेच देव बदलला तर काय होतं. फार जागा लागणार नाही, दोन ओळींत बसेल.

आपला,
एक जुना क्लेरिक