डोळे मिटल्यावर मला काय दिसतं

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मग आईची आठवण येते तेव्हा नक्की येतं तरी काय?" प्रश्न तू फार हळुवारपणे विचारलास, ते मला जाणवलं. पण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून आज रविवारी सकाळीच कागद घेऊन बसलोय.

आधी साधं सांगतो. डोळे मिटून मी आईचा चेहरा आणायला गेलो तर काही येत नाही. पुसटसं नाही, क्षणभर नाही, काहीच नाही. पापण्यांआडचा अंधार तेवढा असतो. पण तिच्या उजव्या भुवईवर लहानपणी पडल्याचा व्रण होता, कुंकू लावण्याआधी ती करंगळीने मेण लावायची, कणीक मळताना चष्मा घसरला की मनगटाने वर सारायची, हे सगळं मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणजे आठवून आठवून जमवलेलं नाही. तिचं नाव मनात आलं की ते सगळं एकदम हजर होतं, फक्त दिसत नाही. आज नातीने परीक्षेत काय दिवे लावले हे ऐकून ती काय म्हणाली असती, कोणत्या सुरात म्हणाली असती, तेही मला कळतं. आवाज तर कानात येतोच. घशाशी आवंढाही येतो. मित्रा, आठवण पुरी येते. चित्र तेवढं येत नाही.

याला अफँटेशिया म्हणतात. एक्सेटर विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांच्याकडे एक 65 वर्षांचे निवृत्त सर्व्हेअर आले होते. अँजिओप्लास्टीनंतर त्यांच्या मनातली चित्रं एकाएकी बंद झाली होती. त्यांच्याविषयीचा लेख 2010 मध्ये आला, आणि तो वाचून 21 जणांनी कळवलं की आमचं तर जन्मापासूनच असं आहे. त्या 21 जणांवर 2015 मध्ये निबंध झाला आणि त्यात हे नाव पहिल्यांदा आलं. अजिबात काही न दिसणारे शंभरात साधारण एक, आणि अगदी पुसट दिसणारेही धरले तर चारेक निघतात. म्हणजे आपल्या वर्गातही माझ्याखेरीज आणखी एखादा असणार. कोण असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

वर्गावरून मुद्द्यावर येतो, कारण मला खरं बोलायचंय ते आपल्या दोघांच्या बाकाबद्दल. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा तास आठव. सरांनी फळ्यावर एका ठोकळ्याचा फ्रंट व्ह्यू आणि साइड व्ह्यू दिला, टॉप व्ह्यू आपण काढायचा. तू ड्राफ्टर बाजूला ठेवून जरा वेळ छताकडे बघायचास आणि मग सलग काढत सुटायचास. तू काय करत होतास ते तू मला आता सांगितलंस: ठोकळा हवेत धरून फिरवत होतास, वरून वाकून बघत होतास! मी काय करत होतो ते ऐक. समोरून ही रेघ आडवी, बाजूने हीच कड बिंदू, म्हणजे वरून ती आडवीच येणार. खाच समोरून दिसते पण बाजूने डॅश लाइन आहे, म्हणजे ती आरपार आहे आणि बाजूच्या भिंतीआड लपते, तेव्हा वरून तिच्या दोन्ही कडा ठळक. एकेक कड अशी पकडायची, मागची कुठे जाऊन मिळते ते ठरवायचं, पुढे जायचं. ठोकळा मला कधीच दिसला नाही. तो कुठे आहे, केवढा आहे, कशाला टेकलाय, एवढं मात्र अगदी स्वच्छ कळत होतं. दिसणं आणि कुठे काय आहे हे कळणं या मनातल्या दोन निराळ्या सोयी आहेत, असं आता अभ्यासक म्हणतात. आकृती मनात फिरवण्याच्या चाचण्यांत माझ्यासारख्यांना वेळ जरा जास्त लागतो, अचूकपणा मात्र कमी पडत नाही. नंतर इतकी वर्षं भोसरीत मी टूल डिझाइन केलं ते याच जोरावर. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल आणि डिस्नेचे नामवंत ॲनिमेटर ग्लेन कीन यांनाही मनात काही दिसत नाही, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही, आनंद झाला.

आता बघ. एकच बाक, एकच शीट, उत्तर एकच, मार्कही जवळपास सारखे. आत मात्र दोघांचं पूर्ण वेगळं चाललेलं. तुला पत्ता नाही, मला पत्ता नाही, सरांना तर नाहीच. तत्त्वज्ञानात एक प्रसिद्ध कल्पना आहे, डेव्हिड चाल्मर्स यांनी ती 1996 मध्ये जोरकसपणे मांडली: हुबेहूब माणसासारखा वागणारा, बोलणारा प्राणी, पण आत अनुभव म्हणून काहीच नाही. अशा प्राण्याची कल्पना करता येते, म्हणून अनुभव हा निव्वळ शरीराच्या हिशेबात बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मी काही तसा पोकळ प्राणी नाही, माझं आत भरपूर चालतं. पण या एका बाबतीत तुझ्याशेजारी बसलेला मी जवळजवळ तसाच होतो की! जो अनुभव तुला इतका मूलभूत वाटतो की त्यावाचून विचार होऊ शकेल हे तुला पटत नव्हतं, तो माझ्याकडे नाही, आणि वागण्यात त्याची खूण दिसली नाही.

खूण दिसली नाही, पण ती नव्हतीच असं मात्र नाही. यावर मी फार विचार केलाय. सिडनीतल्या जोएल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी काही उजळ किंवा गडद आकार दाखवायचे, मग ते मनात आणायला सांगायचे, आणि त्या वेळी डोळ्याची बाहुली मोजायची. तुझ्यासारख्यांची बाहुली नुसत्या मनातल्या उजेडानेही बारीक होते. आमची होत नाही. यावर कोणी म्हणेल, हे लोक प्रयत्नच करत नसतील. पण एका आकाराऐवजी चार आकार आणायला सांगितले तर आमचीही बाहुली मोठी होते, कारण डोक्याला ताण पडतो. म्हणजे प्रयत्न खरा असतो, उजेड मात्र पडत नाही. हा प्रयोग मला फार सुंदर वाटतो. आतला फरक बाहेर उमटतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. चाल्मर्स यांचा तो प्राणी कल्पनेत कितीही नीटस वाटला तरी प्रत्यक्षात कुठेतरी असाच पकडला जाईल, असं मला आता मनापासून वाटतं.

त्याच गटाचा 2021 चा आणखी एक प्रयोग आहे. अंधाऱ्या खोलीत भयकथा वाचायला द्यायची आणि त्वचेवरचा घाम विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मोजायचा. इतरांचा आलेख चढत जातो, आमचा सपाट राहतो. प्रत्यक्ष भीतीदायक फोटो दाखवले की मात्र दोघांचे आलेख सारखेच. वाचताना मला आमची आजी आठवली. 12 जुलै 1961 ला पाणशेत फुटलं, त्याच्या गोष्टी ती सांगायची, नदीकाठच्या पेठांत पाणी कसं शिरलं, कोण माळ्यावर चढलं. बाकीची भावंडं अंथरुणात एकमेकांना चिकटायची. मी विचारत बसायचो, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं? ते मग कुठून ओसरलं? सगळे म्हणायचे, हा घाबरत कसा नाही. तेव्हा शूर ठरलो, आता कारण कळलं.

तू म्हणशील, हा एका माणसाच्या डोक्याचा विशेष, यात जाणिवेबद्दलच्या एवढ्या मोठ्या गोष्टी कशाला? सांगतो. या विषयाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. ॲरिस्टॉटल सांगून गेला की मन प्रतिमेवाचून कधीच विचार करत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमसाठी कल्पना म्हणजे संवेदनांच्या फिकट नकला. मग 1880 मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना विचारलं, आज सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा, किती उजळ दिसतं, रंग दिसतात का? त्याने सुरुवात केली ती ओळखीच्या शास्त्रज्ञांपासून, आणि त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की मनात चित्र दिसणं हा प्रकारच आम्हाला माहीत नाही. गॉल्टन चकित झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुर्झबर्गला ऑस्वाल्ड क्युल्प यांच्या शिष्यांनी प्रयोगांती सांगितलं की प्रतिमेविना विचार होतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिचनर म्हणाले, होत नाही, तुम्ही नीट पाहिलं नाही. टिचनर यांना स्वतःला मनात भरभरून दिसायचं. वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि 1913 मध्ये वॉटसन यांनी आत डोकावण्याची ही पद्धतच मानसशास्त्रातून बाहेर काढा असं जाहीर केलं. इतके बुद्धिमान लोक, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असू शकतात, माणसामाणसांची मनंच वेगळी असू शकतात, हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही! गॉल्टनचे आकडे तर समोर पडलेले होते.

म्हणून मनात एक पडदा आहे, त्यावर चित्रं उमटतात आणि ती बघणारा कोणी आत बसलाय, म्हणजेच जाणीव, असं जे आपण सगळे गृहीत धरतो, ते मला मान्य नाही. माझ्याकडे तो पडदा नाही, तरी मी आहे, विचार करतो, भैरवी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. सूर मला मनात लख्ख ऐकू येतो. रमणबागेतल्या सवाईच्या रात्री आठवल्या की तानपुरा सुरू होतो, स्टेज मात्र दिसत नाही, आणि गवई कुठे बसले होते, साथीदार कुठल्या हाताला होते हे बरोबर सांगता येतं. पण उलट बाजूने कोणी म्हणालं की मनातली चित्रं वगैरे सगळी बोलण्याची पद्धत आहे, प्रत्यक्ष काही नसतं, तर तेही मी मानणार नाही. तुझी बाहुली बारीक होते, मित्रा. तुझी चित्रं खरी आहेत.

सगळ्यात गुंता करणारा निष्कर्ष 2025 चा आहे. माझ्यासारखे लोक काही मनात आणायचा प्रयत्न करतात तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं पहिलं काम चालतं तिथे, त्यांनी काय आणायचा प्रयत्न केला हे ओळखता येईल इतपत ठसा उमटतो. प्रत्यक्ष बघताना पडणाऱ्या ठशासारखा तो नसतो, पण असतो. म्हणजे मी आईचा चेहरा आणायला जातो तेव्हा तिथे काहीतरी घडतंय, आणि माझ्यापर्यंत पोचत नाहीये. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. जे माझ्याच डोक्यात आहे ते माझं कधी होतं? त्याला काय जोडलं गेलं म्हणजे ते 'दिसलं' असं होतं? याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, आणि त्यामुळेच मला हा विषय सोडवत नाही.

आपल्याकडे मला मात्र थोडी जागा मोकळी सापडली. पतंजलींनी स्मृती सांगितली ती 'अनुभूतविषयासंप्रमोषः' एवढीच: अनुभवलेलं निसटू न देणं. त्यात कुठल्या चित्राची अट नाही. आणि वारीच्या दिवसांत नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची पालखी येते तेव्हा कीर्तनकार म्हणतात, डोळे मिटा, ते रूप समोर आणा. मला रूप येत नाही. पण नाम येतं, टाळासकट येतं, आणि तेवढ्याने माझं भागतं. संतांनी नामाला एवढा मान दिला, त्यामागे माझ्यासारखीही माणसं गर्दीत असतील असं समजायला मला आवडतं.

एकच दुखरी जागा सांगतो. स्वप्नात मला दिसतं. पुरतं दिसतं, रंगांसकट. आई येते, स्वयंपाकघरात उभी असते, मनगटाने चष्मा सारते, मी बघत राहतो. जाग येते तेव्हा ती दिसली होती हे पक्कं माहीत असतं, आणि चेहरा गेलेला असतो. मग मी फोनमधला तिचा फोटो उघडतो. तू म्हणालास, "बिचारा." तसं म्हणू नकोस. जे येत नाही ते मी कधी गमावलेलंच नाही. त्या सर्व्हेअरने गमावलं होतं, त्याचं दुःख निराळं.

आता तुझी पाळी. मला तुझ्याकडून लांब पत्र हवंय. तुला दिसतं ते नक्की कुठे दिसतं, डोळ्यांपुढे की डोक्याच्या आत मागे कुठे? कडा असतात का? आईला तू कितीदा पाहिलं आहेस, ती आमच्या दारात उभी आहे असं मनात आण आणि सांग, पदर कोणत्या रंगाचा येतो, तो तू ठरवावा लागतो की आपोआप येतो? ती हलते का? तू नजर वळवलीस तर ती जागच्या जागी राहते का? उडवून लावू नकोस, बसून नीट लिही. वहिनींनाही हेच प्रश्न विचार, त्यांची उत्तरं वेगळ्या कागदावर घे, तुझी त्यांना आधी वाचून दाखवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डिसेंबरात सवाईला येणार असशील तर आधी कळव, तिकिटं मी काढतो.

तुझाच,
बाकावरचा शेजारी