खांद्यावरून उतरणारा पट्टा

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

ब्राचा पट्टा सारखा उतरतो, चारचौघांत सावरायची लाज वाटते आणि त्यापायी कामात लक्ष लागत नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. जवळ असते तर दोन मिनिटांत दाखवलं असतं. इतक्या लांबून लिहूनच सांगते.

आधी पट्टे कसून घट्ट करणं थांबव. त्याने फक्त खांद्यांवर वळ उठतात. बहुतेक भार छातीभोवतीच्या पट्टीने पेलायचा असतो, खांद्यांनी नाही. ती पट्टी सैल असली की मागून वर चढते, पट्टे ढिले पडतात आणि बाजूला घसरतात. आरशाकडे पाठ करून बघ. पट्टी मागे कमानीसारखी वर गेली असेल, तर खरा दोष तिथे आहे. नवी ब्रा सगळ्यांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे. आतले हूक पुढे इलॅस्टिक सैलावल्यावर कामी येतात. मापातला आकडा पट्टीचा असतो आणि अक्षर कपचं. ३६ बीची पट्टी सैल होत असेल तर ३४ सी घालून बघ, अक्षर बदललं तरी कप तेवढाच राहतो. कप वरून रिकामा पडत असेल, तर मात्र कपच लहान हवा.

माप बरोबर असूनही पट्टा उतरतो, असंही होतं. काहींचे खांदे उतरते किंवा अरुंद असतात आणि पट्टे शिवलेले असतात पार कडेला. तुझ्या अंगात काही खोट आहे असं मनातसुद्धा आणू नकोस. अशा वेळी दोन्ही पट्टे पाठीवर एकमेकांजवळ ओढून धरायचे. त्यासाठी प्लास्टिकची छोटी क्लिप विकत मिळते. घरी करायचं तर बोटभर रुंद रिबीन घे, दोन्ही पट्ट्यांभोवती तिची टोकं वळवून टाके घाल. सेफ्टी पिन अडीअडचणीपुरतीच. ती उघडली की टोचते.

मला सगळ्यांत आवडणारा उपाय कपड्यातच शिवायचा असतो. खांद्याच्या शिवणीला आतून छोटी फीत लाव. तिचं एक टोक बाहीच्या बाजूला पक्कं शिव, दुसऱ्या टोकाला टिचबटण लाव आणि त्याचा जोड गळ्याच्या बाजूला शिव. पट्टा फितीखालून घेऊन बटण दाबलं की तो बाहेर ढकलला तरी शिवलेल्या टोकालाच अडतो, त्यामुळे बटणावर ताण येत नाही. रुंद गळ्याच्या कपड्यांना तर ही फीत लावच.

पट्ट्यावरची कडीच सरकत असेल तर लांबी ठरवून कडीला लागून हाताने दोन-तीन टाके घाल. सिलिकॉनच्या खांदापट्ट्या पकड धरतात, पण खाली घाम साचतो. दुतर्फी चिकटपट्टी एखाद्या समारंभापुरती ठीक, तीही आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून खाज सुटत नाही ना ते बघून.

आणि धुताना गरम पाणी नको, ब्लीच तर अजिबात नको. इलॅस्टिकमधला स्पॅन्डेक्सचा धागा त्याने मरतो. एकच ब्रा रोज घालू नकोस. ओढून सोडल्यावर पट्टा परत आखडत नसेल, तर ती ब्रा सरळ टाकून दे. टाके घालून उपयोग नाही.

पट्टी मागे वर चढते का, आणि कोणत्या हुकावर घालतेस, एवढं कळव. त्यावरून पुढचं माप सांगते.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई