सवलतीपेक्षा स्वतःचे डिझाइन हवे

विजेवरील वाहनांमुळे भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योगांवर येऊ घातलेल्या संकटासंबंधीचा आपला अग्रलेख वाचला. इंजिनाच्या सुट्या भागांची मागणी घटेल हे निदान पटले, परंतु त्यात सुचवलेला वीजदरातील सवलतीचा उपाय मात्र पटला नाही. सवलतीने भाव दोन पैशांनी उतरेल, पण उद्या आणखी कमी भाव देणारा कोणी भेटला की ऑर्डर तिकडे जाईल, कारण कंपनीने दिलेल्या ड्रॉइंगवर केवळ जॉबवर्क (दुसऱ्याच्या डिझाइनचे भाग मजुरीवर बनवण्याचे काम) करणाऱ्याला बदलणे फार सोपे असते.

विजेवरील दुचाकीत पिस्टन, व्हॉल्व्ह आणि सायलेन्सर लागत नाहीत हे खरे. मात्र मोटरच्या शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबातच ग्राइंड करावी लागते आणि ते कसब आपल्या कारागिरांच्या हातात आजही आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जने हेच ओळखले. वाहनांच्या क्रँकशाफ्टवर (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्यावर) नाव कमावलेल्या या कंपनीने धातू घडवण्याचे तेच ज्ञान तेलक्षेत्राच्या सुट्या भागांसाठी आणि तोफांसाठी वापरले. तिच्याइतके भांडवल छोट्या कारखानदाराकडे नाही, म्हणूनच सरकारी पैसा सामायिक डिझाइन आणि चाचणी केंद्रावर खर्च व्हावा, असे मला कळकळीने वाटते. १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था पुण्यातच आहे. तिच्या सहकार्याने लघुउद्योजकांसाठी परवडणाऱ्या दरात अशी सोय औद्योगिक वसाहतीतच उभी करावी.

– एक वाचक, चिंचवड, पुणे