पोस्ट मोजल्या म्हणजे रुग्ण मोजले असे नव्हे

संपादक महोदय,

आरोग्यविषयक ऑनलाइन पोस्टवरून साथीचा माग काढण्यासंबंधीचा कालच्या अंकातील लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्यातील घाई खटकली. लोक लक्षणे लिहितात, संगणक मोजतो आणि साथ कळते, इतके हे सोपे नाही. ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’चा लेखात उल्लेखसुद्धा नसावा?

लोक काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज देणारी ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये एच१एन१ची, म्हणजे स्वाइन फ्लूची, पहिली लाट हंगाम सोडून आली, ती तिने फारच कमी दाखवली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील तिचा अंदाज सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्यांचा मारा झाला की धडधाकट माणसेही लक्षणे शोधू लागतात, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. २०१५ मध्ये हे अंदाज बंद झाले.

पोस्टचेही तसेच होते. ‘मला ताप आहे’, ‘आईला गेल्या महिन्यात ताप होता’ आणि ‘ताप आला तर काय करू?’ या तिन्हींत ताप आहे, आजचा रुग्ण एकच. ‘नाही’ दिसले की पोस्ट गाळा, असा नियम केला तर ‘खोकला नाही’बरोबर ‘वास येत नाही’ हेही गळते, आणि कोविडमध्ये नेमके तेच लक्षण होते. म्हणून आधी दोघांनी एकमेकांचे न पाहता काही शे पोस्ट वाचून कोणती आजच्या रुग्णाची, कोणती नाही, अशा खुणा कराव्यात. त्या जुळल्या नाहीत तर नियम सुधारावेत, मगच काम संगणकाकडे द्यावे. एकाच व्यक्तीच्या पाच पोस्ट एक धराव्यात, फॉरवर्ड काढून टाकावेत. तारीख लक्षण सुरू झाल्याची घ्यावी, पोस्टची नव्हे. आणि त्या आठवड्यात एकूण किती जणांनी लिहिले, या संख्येने भागावे. तुमच्या आलेखात हा भागाकारच नाही, त्यामुळे चढती रेषा आजाराची की वाढत्या गर्दीची, हे कळायला मार्ग नाही. एवढे करूनही अतिवृद्ध आणि लहान मुले त्यात जवळपास दिसतच नाहीत. म्हणून दर आठवड्याला प्रयोगशाळेचे अहवाल आणि रुग्णालयातील भरती यांच्याशी ताळा घ्यावाच लागतो.

या पद्धतीचे खरे बळ नवे काही लवकर दिसण्यात आहे. दीर्घ कोविडच्या, म्हणजे संसर्गानंतरही रेंगाळणाऱ्या त्रासाच्या, तक्रारी रुग्ण २०२० च्या पूर्वार्धापासून लिहीत होते. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.

आणखी एक, आणि हे जास्त गंभीर. चौकटीत एका रुग्णाची पोस्ट जशीच्या तशी छापली आहे, वय आणि व्यवसायासकट. नाव गाळून काही साधत नाही. ते वाक्य शोधयंत्रात टाकले की माणूस सापडतो. अशा वेळी आशय आपल्या शब्दांत द्यायचा असतो. वेब आवृत्तीतून ती चौकट कृपया आजच काढावी.

आपला,
साथरोग सर्वेक्षणात काम करणारा एक वाचक