थर्मलच्या पोरांना कारखान्यात पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनीअरिंगच्या ॲडमिशन, कटऑफ, पॅकेज यावर तुमच्याकडे भरपूर छापून येतं, पण पोरं आत जाऊन नेमकं काय शिकतात यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी साखर कारखान्यात इंजिनीअरिंग खात्यात आहे, थर्मलला, म्हणजे उष्णतेच्या इंजिनीअरिंगला, एम.टेक. करणारी मुलं प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येतात. हुशार असतात, प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं न बघता लिहितात, सीएफडी म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित करून लाल-निळी चित्रं काढतात. पण खळबळत्या प्रवाहासाठी हेच टर्ब्युलन्स मॉडेल का घेतलंस, पाइपच्या भिंतीजवळ मेश (गणितासाठी पाडलेली चौकटींची जाळी) बारीक का नाही केलास असं विचारलं की गप्प, कारण सिनियरच्या फाइलमध्ये तसंच होतं. मला यात दोष मुलांचा वाटत नाही, त्यांना कोणी पाणी वाहताना दाखवलेलंच नाही.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकाने १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून प्रयोग केला. वेग कमी असताना धार सुतासारखी सरळ जाते, वॉल्व उघडत गेलं की ती थरथरते आणि मग एकदम सगळ्या नळीत रंग पसरतो. रेनॉल्ड्स नंबर साधारण २३०० झाला की प्रवाह असा बिघडायला लागतो, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, धार फुटताना किती जणांनी बघितलीय? लॅबमध्ये ते उपकरण असतं हो, पण धूळ खात.

आणि हीट ट्रान्सफर, म्हणजे उष्णता कशी जाते ते, शिकायला आमच्या इव्हॅपोरेटरसारखी जागा नाही. उसाचा रस आटवायची ही भांडी ओळीने असतात, त्यांना आम्ही बॉडी म्हणतो. पहिल्या बॉडीत रसातून निघालेल्या वाफेवर दुसरी बॉडी उकळते, दुसरीच्या वाफेवर तिसरी, शेवटचीला व्हॅक्युम असल्यामुळे तिथे रस ६० डिग्रीच्या आतबाहेरच उकळतो, म्हणजे एकाच वाफेचं काम परत परत. नॉर्बर्ट रिलिओ या इंजिनीअरने १८४० च्या दशकात अमेरिकेत याचं पेटंट घेतलं, आजही साखर त्याच तत्त्वावर बनते. क्लीनिंगला ट्यूबमधून ब्रश फिरवला की पांढरट खपली गळून पडते, जाडी नखाएवढी, पण तेवढी खपलीसुद्धा उष्णता अडवते, सिरप पातळ यायला लागतं आणि स्टीम जास्त खाते. पुस्तकातला फाउलिंग फॅक्टर, म्हणजे साचलेल्या थराचा उष्णतेला होणारा अडथळा, तो हाच! ती खपली हातात घेऊन ज्याने गणित केलं तो ते विसरणार नाही.

सध्या व्हिजिट म्हणजे हेल्मेट घालून ग्रुप फोटो आणि दोन तासांत बस परत. विद्यापीठांनी त्याऐवजी गळीत चालू असताना निदान आठवडाभर मुलं कारखान्यात ठेवावीत, टेंपरेचर आणि प्रेशरची रीडिंग त्यांनी स्वतः घ्यावीत आणि प्रोजेक्टचे मार्क त्या रीडिंगवर द्यावेत. कारखान्यांनीही गेटवर अडवू नये.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर जिल्हा