डेट्रॉइटची भिंत आणि ‘आपापल्या’ वस्त्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील वंशभेदावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेखकाच्या तेथील दीर्घ वास्तव्याचा आदर राखूनही त्यांचे मुख्य प्रतिपादन मला मान्य करता येत नाही. कृष्णवर्णीय लोक आपण होऊन वेगळे राहतात, आपली वेगळी ओळख कवटाळून बसतात आणि त्यांच्या वस्त्यांतील गुन्हेगारी हे त्या वेगळेपणाचेच फळ आहे, असा लेखाचा सूर आहे. हे म्हणणे नवे नाही. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी मंडळींच्या दिवाणखान्यांत मी ते अनेकदा ऐकले आहे, आणि पहिल्या खेपेस मीही मान डोलावली होती.

माझी मुलगी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय या उपनगरात राहते. संख्याशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून तिच्याकडे माझ्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्याच फेरीत ‘एट माइल रोड ओलांडून शहराच्या बाजूला उगाच जाऊ नका’ अशी सूचना मला तीन वेगवेगळ्या घरांत जवळजवळ त्याच शब्दांत मिळाली. हा रस्ता म्हणजे डेट्रॉइटची उत्तरेकडची हद्द. शहरात तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत, तर पलीकडची बहुतेक उपनगरे कित्येक दशके जवळपास पूर्णपणे गोऱ्यांची होती. ही वाटणी लोकांनी आपापल्या आवडीने केली, असे मानायचे असेल तर त्या रस्त्याच्या थोडे दक्षिणेला जाऊन एक भिंत पाहावी लागेल. मी ती दुसऱ्या फेरीत, जावयाच्या नाराजीला न जुमानता, पाहून आलो.

भिंत काँक्रीटची आहे, सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी घरे बांधायची होती. गृहकर्जांना हमी देणारी केंद्र सरकारची यंत्रणा मात्र अशा शेजारामुळे हमी देण्यास तयार नव्हती. मग बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. आज तिच्यावर रंगीत चित्रे आहेत, जवळच मुलांचे मैदान आहे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबेच राहतात. ती कोणाला कोणापासून वेगळे करीत होती, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पण ज्या काळात सामान्य अमेरिकी माणूस सरकारी हमीच्या कर्जावर पहिले घर घेऊन मध्यमवर्गात शिरत होता, त्या काळात तिच्या एका बाजूच्या लोकांना ते कर्ज नाकारले जात होते. घराची किंमत वाढते आणि मुलाच्या शिक्षणाला किंवा धंद्याला उपयोगी पडते. दोन पिढ्यांनंतर दोन वस्त्यांच्या श्रीमंतीत जे अंतर दिसते, त्याचा मोठा हिशेब येथेच लागतो.

कृष्णवर्णीयांनी वेगळे राहणे पसंत केले असे म्हणताना, ज्यांनी तसे राहणे नाकारले त्यांचे काय झाले, हेही विचारायला हवे. १९२५ साली ऑशन स्वीट नावाच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी डेट्रॉइटमधील गोऱ्यांच्या वस्तीत घर विकत घेतले. दुसऱ्याच रात्री जमावाने घरावर दगडफेक केली, आतून गोळ्या झाडल्या गेल्या, एक गोरा माणूस ठार झाला आणि घरातील अकराही जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. क्लॅरन्स डॅरो यांच्यासारखा नामवंत वकील उभा राहिला म्हणून पुढच्या वर्षी डॉक्टरांचे बंधू निर्दोष सुटले आणि त्यानंतर बाकीचे खटले मागे घेतले गेले. प्रत्येकाला असा वकील कोठून मिळणार? शहराच्या पूर्वेकडील ग्रोस पॉइंट या श्रीमंत उपनगरांत तर १९६० पर्यंत घर घेऊ पाहणाऱ्याला गुण दिले जात. खाजगी गुप्तहेर त्याची चौकशी करीत: वर्ण किती सावळा, उच्चार कसे, राहणी पुरेशी अमेरिकी आहे की नाही. उत्तीर्ण व्हायला साधारण पन्नास गुण पुरत, पण पोलिश वंशाच्या माणसाला पंचावन्न, दक्षिण युरोपीयाला पासष्ट आणि ज्यू माणसाला पंच्याऐंशी मिळवावे लागत. कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसांचा विचारच होत नसे. आडनावावरून भाडेकरू पारखणाऱ्या आपल्याकडील सोसायट्यांना ही पद्धत फार परकी वाटू नये.

पुढचा इतिहास लेखात थोडाफार आला आहे, म्हणून मी तो लांबवत नाही. जुन्या कृष्णवर्णीय वस्तीवरून महामार्ग गेला. १९६७ च्या वांशिक उद्रेकात ४३ माणसे मेली. गोरी कुटुंबे आधीपासूनच निघाली होती, ती आणखी वेगाने निघाली. १९५० मध्ये साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत आली. मात्र १९७४ च्या एका निकालाचा उल्लेख लेखात असायला हवा होता. डेट्रॉइटच्या शाळांबरोबर पन्नासहून अधिक उपनगरी शाळा-जिल्ह्यांतील मुलांनाही एकत्र शिकवावे, ही कनिष्ठ न्यायालयाची योजना सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. एट माइल रोड ओलांडून बाहेर पडलेल्याला आपली मुले शहरातल्या मुलांबरोबर बसतील ही काळजी उरली नाही.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माणसे आपल्यासारख्यांजवळ राहू पाहतात आणि त्यासाठी द्वेषच असावा लागतो असे नाही. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या थॉमस शेलिंग यांनी हे सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एका साध्या खेळातून दाखवले. मी तो नातीबरोबर करून पाहिला. एका कार्डशीटवर चौसष्ट घरे आखली आणि कॅरमच्या दोन संचांतील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या वाटेल तशा मांडल्या. नियम एवढाच, की शेजारच्या सोंगट्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्या रंगाच्या असाव्यात. नसतील तर रिकाम्या, सोयीच्या घरात जावे. म्हणजे परक्या रंगाचे दोन तृतीयांश शेजारी कोणत्याही सोंगटीला चालत होते. तरीही अर्ध्या तासात कागदावर काळे आणि पांढरे पुंजके तयार झाले. नात म्हणाली, “आजोबा, कोणी भांडलं नाही तरी असं कसं झालं?”

प्रश्न रास्त होता. पण त्या खेळात कोणत्याही सोंगटीला कोणत्याही रिकाम्या घरात जाता येते. डेट्रॉइटमध्ये काळ्या सोंगटीला बहुतेक घरे बंद होती आणि ती बंद ठेवणे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी राजरोस चाले. शिवाय दोन्ही रंगांची इच्छा सारखी नव्हती. १९७६ मध्ये याच शहरात झालेल्या पाहणीत बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी निम्मी-निम्मी वस्ती पसंत केली होती. एक तृतीयांश कृष्णवर्णीय असलेल्या वस्तीत राहायला जाण्याची तयारी मात्र बहुसंख्य गोऱ्यांची नव्हती.

आता गुन्हेगारीकडे वळतो. येथे सहानुभूतीपोटी आकडे झाकण्याची चूक करू नये, कारण त्यात बळी पडणारी माणसेच झाकली जातात. देशाच्या लोकसंख्येत तेरा टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजातील माणसे २०१९ मध्ये खुनाच्या एकूण बळींत निम्म्याहून अधिक होती. मारेकऱ्याचा वंश नोंदलेल्या, एक बळी आणि एक मारेकरी अशा प्रकरणांत सुमारे नव्वद टक्के कृष्णवर्णीय बळींचा मारेकरी कृष्णवर्णीय होता. लेखकाने हा आकडा दिला आहे, पण त्याच तक्त्यातील शेजारची ओळ दिलेली नाही: गोऱ्या बळींपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जणांचा मारेकरी गोराच होता. माणूस ज्यांच्यात राहतो त्यांच्यातच बहुधा गुन्हा करतो. यावरून वस्त्या विभागलेल्या आहेत हे कळते, संस्कृतीविषयी काहीच कळत नाही.

संस्कृतीचा दावा तपासायचा तर संस्कृती तीच आणि परिस्थिती वेगळी, असे उदाहरण घ्यावे लागेल. एट माइल रोडला लागूनच उत्तरेला साउथफील्ड आहे. तेथेही बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत. चर्च त्याच पंथांची, नाती एट माइलच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. पण लोक बहुतांशी नोकरदार आहेत, अनेक जण घरमालकही आहेत, आणि गुन्हेगारी डेट्रॉइटच्या मानाने फारच कमी आहे. त्यांतील अनेकांनी दारे उघडल्यावरही आपल्या माणसांतच राहणे पसंत केले, हे खरे. त्याने कोणाचे नुकसान झाले, ते लेखकाने दाखवावे. शहरातील गरीब वस्त्यांची तक्रार तर दुहेरी आहे. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकसाठी (धूर करून ओढायच्या कोकेनसाठी) जी पाच वर्षांची किमान शिक्षा ठेवली, ती पावडर कोकेनसाठी पाचशे ग्रॅमवर लागू होत असे आणि क्रॅकखाली पकडले जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय असत. २०१० मध्ये हे प्रमाण अठरास एक झाले, समान झाले नाही. दुसरीकडे, २०२१ आणि २०२२ मध्ये देशातील जवळपास निम्म्या खुनांचा छडाच लागला नाही. किरकोळ कारणासाठी पोलीस दारात येतात आणि मुलगा मारला गेला तर मारेकरी सापडत नाही, अशा ठिकाणी कायद्यावरचा विश्वास कोणत्या संस्कृतीने टिकवायचा?

१९८२ मध्ये डेट्रॉइटच्या पोटातील हायलंड पार्क येथे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातील दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने ठार मारले. जपानी मोटारींमुळे नोकऱ्या जात होत्या, त्याचा राग त्याच्यावर निघाला. न्यायाधीशांनी त्यांना तीन वर्षांची देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड ठोठावला. या शिक्षेत तुरुंगवास नव्हता. त्यानंतर गोऱ्या कामगारांची संस्कृती कोठे बिघडली, यावर कोणी रविवारचा लेख लिहिला असल्यास माझ्या वाचनात नाही.

आणि आपण? नोव्हायमध्ये मुलीच्या गल्लीतील बहुतेक घरांपुढे दिवाळीत आकाशकंदील लागतात, रविवारी मराठी शाळा भरते, गणपतीत ढोल वाजतात. याला आपण संस्कृती जपणे म्हणतो आणि मला त्यात आनंदच आहे. मुलीने घर पाहिले तेव्हा मी बरोबर होतो. वस्तीत कोण राहते हे एजंटने सांगितले नाही, कारण तसे सांगून गिऱ्हाइकाला वळवणे कायद्याला मान्य नाही. त्याने आम्हाला जवळच्या शाळेला मिळालेले गुण दाखवले, दहापैकी नऊ. आम्ही पुढे काही विचारले नाही.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, सातारा